गुलमर्गला मुलांसह स्की शिकायला जाताय? आधी दुपारच्या जेवणाचं ठरवा

प्रश्न असा आहे: जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून सहा जण गुलमर्गला निघालेत. आई-वडील, सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं, आणि सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. मुलं चार दिवस स्की शिकणार आहेत. आजी-आजोबा शाकाहारी आहेत, बाकीचे सगळं खातात. एवढ्या थंडीत पाच दिवस सगळ्यांना जमेल असं जेवायचं कुठे?

मी २००८ पासून पुण्यातली कुटुंबं बर्फात घेऊन जाते, बहुतेक वेळा गुलमर्गलाच. रात्रीच्या जेवणाची काळजी तुम्ही करू नका, ते हॉटेलात नीट होतं. सकाळचा नाश्ताही होतो. सहल बिघडते ती दुपारी साडेबारा ते दोनच्या मधे, त्यामुळे तुमचा सगळा विचार त्या दीड तासावर लावा.

हे मला पहिल्याच वर्षी कळलं. चार कुटुंबं होती. मुलांचा सकाळचा वर्ग सव्वा वाजता संपला आणि आमचं हॉटेल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. स्कीचे बूट म्हणजे पायात घातलेली प्लास्टिकची बादली, घोटा वाकतच नाही. तसल्या बुटांनी मुलं बर्फातून वीस-पंचवीस मिनिटं चालली. पोचलो तेव्हा स्वयंपाकघर बंद व्हायला दहा मिनिटं होती. सगळ्यांनी वेगवेगळं मागवलं आणि ताटं यायला पाऊण तास गेला. एक सात वर्षांचा मुलगा ओले मोजे तसेच पायात ठेवून टेबलावर डोकं टेकून झोपला. दुपारचा वर्ग बुडालाच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो बूट पायात घालू देईना. पैसे भरलेले, शिक्षक वाट बघतोय, आणि पोर रडतंय. त्याला स्कीची भीती वाटली नव्हती. आदल्या दिवशीची भूक आणि गारठा त्याच्या लक्षात राहिला होता.

तेव्हापासून दुपारच्या जागेला मी तीन गोष्टी विचारते. स्कीचे बूट घालून पाच मिनिटांत पोचता येतं का? आत बुखारी (लाकडं जाळून खोली तापवणारी शेगडी) किंवा हीटर पेटलेला आहे का? आणि स्वच्छतागृहातलं पाणी चालू आहे का? कडाक्याच्या थंडीत नळ गोठतात, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न आजी-आजोबांसाठी फार मोलाचा. मेन्यू चौथ्या नंबरवर.

आता जागा. नवशिक्यांचे वर्ग गुलमर्गच्या मधल्या वाडग्यासारख्या मैदानात होतात, उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तिथेच. त्याच्या कडेने बाजाराची छोटीशी ओळ आहे आणि एका टोकाला गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर जाणाऱ्या केबल कारचं स्टेशन. मुलांचा शिक्षक नेमका कोणत्या उतारावर शिकवणार आहे, हे पहिल्या संध्याकाळीच त्याला विचारा आणि तिथून सर्वांत जवळचं गरम छप्पर हेरून ठेवा. बाजाराच्या बाजूला असाल तर बक्षी ग्रीनसारखी पंजाबी पद्धतीची साधी उपाहारगृहं आहेत: राजमा-चावल, डाळ, आलू पराठा, तव्यावरची रोटी. दिसायला साधी, पण मुलांचं पोट तिथे भरतं आणि शाकाहारी माणसाला दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत. गोंडोलाच्या बाजूला असाल तर खायबर हे मोठं हॉटेल जवळ आहे. तिथलं जेवण महाग आहे, हे आधीच सांगते. रोज जाऊ नका, पण एक दुपार तिथे काढायला माझी हरकत नाही. का ते आजी-आजोबांबद्दल लिहिताना सांगते.

बुखारी म्हणजे काय हे मुलांना आधी सांगून ठेवा, त्यांना मजा वाटते. खोलीच्या मध्यावर पत्र्याचा उभा पिंप, त्यात जळणारी लाकडं, वर छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. ढाब्यात शिरलात की पहिल्यांदा तिच्याजवळचं टेबल धरा. मुलांचे हातमोजे काढा, उलटे करा, आतलं अस्तर बाहेर येऊ द्या आणि बुखारीपासून हातभर लांब खुर्चीच्या पाठीवर टाका. पत्र्याला टेकवू नका, कृत्रिम धाग्याचे मोजे वितळतात. सुरुवातीला त्यांतून वाफ निघताना दिसते. ती थांबली की अस्तर बोटाने चाचपून बघा. कोरडं लागलं तर मुलं दुपारी खुशीने परत बर्फात जातात, ओलं लागलं तर जात नाहीत. मी तर जोडीला मोज्यांचा आणि हातमोज्यांचा एक कोरडा जोड पाठीवरच्या पिशवीत नेहमी ठेवते. जेवणाच्या प्रश्नात मोजे कशाला, असं वाटेल, पण गार बोटांनी मूल घास उचलत नाही.

सगळ्यांसाठी एकच पदार्थ मागवा. सहा जणांनी सहा प्रकार मागितले तर छोट्या स्वयंपाकघरात तासभर तरी जातोच. राजमा-चावल आणि डाळ मोठ्या पातेल्यात तयार असते, पाच मिनिटांत येते. शक्य असेल तर सकाळी वर्गाला जातानाच त्या ढाब्यात डोकावून सांगा, ‘साडेबाराला सहा जण येतोय, चार राजमा-चावल, दोन कमी तिखट डाळ-भात.’ गुलमर्गची माणसं शब्दाला जागतात, टेबल धरून ठेवतात. आणि साडेबारालाच जा. एक वाजला की गोंडोलावरून उतरलेली सगळी गर्दी तिथेच येते.

उंचीचा स्वयंपाकावर काय परिणाम होतो हे माहीत असलं की ऑर्डर शहाणपणाने देता येते. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटरवर आहे, तिथे ते ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. गोंडोलाचा दुसरा टप्पा जिथे संपतो त्या अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर, ८७ अंशांना. म्हणजे उघड्या पातेल्यात शिजवलेला भात आत दाताला लागतो, आणि कडधान्य तर प्रेशर कुकरशिवाय लवकर शिजतच नाही. म्हणून आजोबांसाठी खिचडी सांगताना ‘कुकरमधली, मऊ’ असं स्पष्ट सांगा. हे मागण्यात संकोच नको. चहाही उकळता हातात येतो आणि तीन मिनिटांत कोमट होतो. मुलांना तो लगेच पिता येतो, हा त्यातला फायदा.

खोली ठरवताना हॉटेलवाला विचारेल, सीपी की एमएपी? सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळा. तुम्ही एमएपी घ्या. सहाच्या सुमारास अंधार पडतो, तापमान झपाट्याने उतरतं, वाटेवरचा बर्फ काचेसारखा कडक होतो. अशा वेळी आजींना घेऊन जेवायला बाहेर पडणं मला मान्य नाही. एपी घेतलं तर दुपारच्या जेवणासाठी हॉटेलवर परतावंच लागतं आणि माझ्या पहिल्या वर्षीची कथा पुन्हा घडते. अपवाद एकच: हॉटेल उताराला लागूनच असेल तर एपी उत्तम.

पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करून एवढं विचारा. रात्रीचं जेवण किती वाजता सुरू होतं? बरीच हॉटेलं आठ-साडेआठ सांगतात. दिवसभर बर्फात पडून-उठून आलेलं सहा वर्षांचं मूल तोवर जागं राहत नाही. मुलांसाठी सातला वरण-भात किंवा सूप मिळेल का, हे आधी कबूल करून घ्या. शाकाहारी जेवणाचे डाव वेगळे ठेवतात का, तेही विचारा. माझ्या गटातल्या कितीतरी आज्यांचं मन याच एका गोष्टीवर शांत होतं.

पहिल्या रात्रीबद्दल थोडं सावध करते. पुणे ५६० मीटरवर, श्रीनगर साधारण १,५८५ वर, गुलमर्ग २,६५०. पहाटेचं विमान पकडून त्याच संध्याकाळी गुलमर्ग गाठलं तर शरीराला ते जाणवतं. भूक मंदावते, डोकं जड होतं, मुलं कारण नसताना चिडतात. मी नेहमी एक रात्र श्रीनगरला ठेवते. गुलमर्गच्या पहिल्या रात्री सूप, भात, थोडी डाळ, एवढंच. तळलेलं आणि भरपूर मांसाहार दुसऱ्या रात्रीपासून. पाणी मात्र मागे लागून पाजा. थंडीत तहान कळत नाही आणि हवा कमालीची कोरडी असते. एक लिटरचा स्टीलचा थर्मास घ्या, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पिशवीत गोठतं. आणि डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, तर जेवणाचा विचार सोडून डॉक्टरांकडे जा आणि खाली उतरा.

काश्मिरी जेवण तिखट असेल ही भीती मुलांच्या आया नेहमी बोलून दाखवतात. रंग लाल दिसतो, पण काश्मिरी मिरची रंगाला पुढे आणि तिखटाला मागे. मुलांना चालतील आणि शाकाहारींना पोटभर होतील असे पदार्थ खूप आहेत. नदरू यखनी म्हणजे दह्याच्या पांढऱ्या रश्शात शिजवलेला कमळकाकडीचा पदार्थ, बडीशेप आणि सुंठीच्या वासाचा. कढी आवडणाऱ्या घरात हा हमखास आवडतो. रुआंगन चामन म्हणजे टोमॅटोतलं पनीर, मुलं पोळीबरोबर मुकाट्याने खातात. हाक ही हिरवी पालेभाजी, पाणीदार आणि अगदी साधी, भाताबरोबर खायची. ती मोहरीच्या तेलात करतात आणि आपल्या नाकाला त्या तेलाची सवय नसते, म्हणून आधी एकच वाटी मागवा. आजींना मात्र मी ती आवर्जून देते. चार दिवस पनीर आणि बटाटा खाल्ल्यावर पोटाला पालेभाजी हवी असते.

गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गहून वर येताना, किंवा श्रीनगरला सकाळी, कांदुरच्या दुकानापाशी गाडी थांबवा. कांदुर म्हणजे तिथला रोटीवाला. जमिनीतल्या तंदुरातून सकाळी गिर्दा निघतो, गोल, वरून बोटांच्या खुणांचा, गरम असताना मऊ. त्याला लोणी लावून मुलांच्या हातात द्या. चहा मात्र विचारून घ्या, कारण नून चाय गुलाबी आणि खारट असते. मुलाने गोड समजून घोट घेतला तर तोंड वाकडं करेल. कहवा चालेल, त्यात केशर, वेलची, दालचिनी आणि बदामाचे काप असतात.

आता आजी-आजोबा. मुलं उतारावर आणि आई-बाबा त्यांच्यामागे, मग ही दोघं दिवसभर खोलीत बसून कंटाळतात. माझ्या मते सहलीतला खरा अन्याय त्यांच्यावर होतो. म्हणून एक दुपार खायबरमधल्या चहाच्या दालनात, चायकशमध्ये काढा. मोठ्या काचा, समोर अफरवटचा डोंगर, आत ऊब, बसायला बऱ्यापैकी खुर्ची, चालू स्वच्छतागृह. चहा आणि काहीतरी बेकरीचं मागवून निवांत बसता येतं. पैसे जातात, पण आजोबा घरी आल्यावर त्या खिडकीबद्दलच बोलतात, हे मी अनेकदा ऐकलंय. हायलँड्स पार्क हे जुन्या वळणाचं हॉटेलही बसायला छान आहे, मात्र उतारापासून किती चालावं लागेल ते आधी बघून घ्या.

गोंडोलाचा दिवस स्कीच्या वर्गापासून वेगळा ठेवा. तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात आणि रांग लांब असते. पहिला टप्पा कोंगडूरीला थांबतो, साधारण ३,०८० मीटरवर. तिथे खाण्याची सोय आहे: मॅगी, राजमा-चावल, चहा, कहवा. एवढ्या लहान मुलांसह आणि वयस्कांसह तिथपर्यंतच जा. दुसऱ्या टप्प्यावर खाण्यासारखं फारसं काही नसतं, वारा अंगात शिरतो, आणि तिथले उतार पट्टीच्या स्कीवाल्यांचे आहेत. रांगेत उभं राहण्याआधी मुलांना पोटभर खायला घाला. गोंडोलाच्या दिवशी मी हॉटेलकडून सकाळीच आलू पराठे फॉइलमध्ये बांधून घेते आणि ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते. बाहेरच्या पिशवीत ठेवले तर तासाभरात दगड होतात.

पुण्याहून काय न्यायचं? फार नको, पण नेमकं न्या. मेतकूट आणि साजूक तूप, तुपाचा डबा चेक-इन सामानात. हॉटेलचा मऊ भात मागवला की मेतकूट-तूप-भात हे सहा वर्षांच्या मुलाचं पूर्ण जेवण होतं. दाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाण्याचे आणि डिंकाचे लाडू. डिंकाचे लाडू तर याच हवेसाठी आहेत, मुलाच्या खिशात दोन असले की अकरा वाजताची भूक भागते. चॉकलेटचे बार गोठून दात दुखवतात, लाडू तसे होत नाहीत. बाकरवडी आणि चिवडा न्या, संध्याकाळच्या चहाला सगळे एकत्र बसतात. तयार उपमा-पोह्यांची चार-सहा पाकिटं असू द्या. मोठी बर्फवृष्टी झाली की टंगमर्ग-गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा रस्ता बंद होतो आणि हॉटेलांत ताजी भाजी संपते. मग डाळ, राजमा, बटाटा आणि अंडी यांवरच दिवस काढावे लागतात.

खोलीत इंडक्शन शेगडी लावून स्वयंपाक करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिथली बरीच बांधकामं लाकडी आहेत आणि आग लागली तर बर्फातून मदत यायला वेळ लागतो. कोळशाची शेगडी किंवा कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी हातशेगडी) बंद खोलीत पेटती ठेवून झोपणंही जीवावर बेतू शकतं. गरम पाणी मागा, हॉटेल देतं.

रोख पैसे न्या. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. तुमच्या घरात एक तरी पोस्टपेड नंबर असू द्या. तरीही बर्फ पडत असताना नेटवर्क गेलं की ढाब्यात पैसे द्यायचा क्यूआर कोड निरुपयोगी ठरतो. शंभर-दोनशेच्या नोटा आतल्या खिशात ठेवा.

तारखा पुढे ढकलण्याचा विचार असेल तर रमजान केव्हा आहे ते बघा, तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. अलीकडे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन बर्फाच्या हंगामात येतोय. गुलमर्गची हॉटेलं पाहुण्यांना जेवण देतात, पण श्रीनगरमध्ये दुपारी बऱ्याच खानावळी बंद असतात. वाढणारा स्वतः उपाशी असतो, तेव्हा संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला त्याला ऑर्डर देऊ नका, अर्धा तास थांबा.

गुलमर्गचं बुकिंग मिळालं नाही तर लोक उत्तराखंडातली औली किंवा हिमाचलातली मनाली विचारतात. शाकाहारी घराला औली जास्त सोपी आहे. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. म्हणून मुक्काम खाली जोशीमठला न ठेवता वर औलीतच ठेवा, म्हणजे जेवणासाठी डोंगर चढ-उतर नको. गढवाल मंडल विकास निगमच्या (सरकारी पर्यटन महामंडळाच्या) विश्रामगृहात डाळ-भात-रोटी-भाजी मिळते. तिथे मंडुव्याची रोटी मागा, ती आपली नाचणीची भाकरी. गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ. आजींना परक्या मुलखात माहेरचं खाल्ल्यासारखं वाटतं. मनालीत खायला भरपूर आहे, पण स्की सोलंगला, शहरापासून सुमारे १४ किलोमीटरवर, आणि बर्फाच्या दिवसांत तो रस्ता गाड्यांनी तुंबतो. सोलंगला टपऱ्यांवर मॅगी, ऑम्लेट, चहा. तिथे दुपारचा डबा मनालीहूनच न्या. सिड्डू मिळाला तर घ्या, वाफवलेला, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. जुन्या मनालीतले बरेच कॅफे हिवाळ्यात बंद असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

परतीच्या दिवसाचं आत्ताच ठरवा. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावर सगळं सामान उतरवून तपासतात, मग पुन्हा आत तपासणी. तीन तास हाताशी ठेवा. २६ जानेवारीच्या आसपास बंदोबस्त कडक असतो, त्या तारखेला प्रवास ठेवूच नका. विमान संध्याकाळचं असेल तर गुलमर्गहून सकाळी आठला निघा आणि श्रीनगरला अकराच्या सुमारास दुर्गानागजवळच्या कृष्णा वैष्णो ढाब्यात शिरा. राजमा-चावलसाठी तिथे झुंबड उडते, बाराच्या आत बसलात तर जागा मिळते. घरातल्या मांसाहारींना वाझवान, म्हणजे काश्मिरी मटणाची मेजवानी, खायचं असेल तर ते जाण्याच्या आधीच्या श्रीनगर मुक्कामात उरका, रेसिडेन्सी रोडवरच्या अहदूसमध्ये. परतीच्या दिवशी गुश्ताबा आणि रिस्ता हे वाझवानातले मटणाचे गोळे खाऊन, दोन मुलं सांभाळत त्या फाटकावर उभं राहणं जड जातं. मुलांसाठी हझरतबलच्या मूनलाइट बेकरीतला अक्रोडाचा फज ड्रायव्हरला सांगून आदल्या दिवशी आणवून ठेवा, दिल्लीला विमान बदलताना उपयोगी पडेल.